करंगळीचा ठसा : नासाऊ, १९४३

बहामाच्या राजधानीत, नासाऊमध्ये, चाललेल्या हॅरी ओक्स खून खटल्यातला बोटाचा ठसा खरा होता. आरोपीच्याच उजव्या हाताच्या करंगळीचा होता. बचावाची लढाई त्यावर नव्हतीच. भांडण एवढंच होतं की तो उचलला कुठून. सरकार पक्ष म्हणत होता, खून झालेल्या खोलीतल्या घडीच्या चिनी पडद्यावरून. बचाव म्हणत होता, पडद्यावरून नाही, दुसऱ्या कशावरून तरी. या एका प्रश्नावर एका माणसाची फाशी अवलंबून होती, आणि तो प्रश्न नीट उभा करण्यात न्यूयॉर्कहून आलेल्या एका खासगी गुप्तहेराचा मोठा हात होता.

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करतो. आमच्याकडे बहुतेक खटले वस्तू खरी की खोटी यावर पडत नाहीत. कुऱ्हाड खरी असते, शर्ट खरा असतो, त्यावरचं रक्तही खरं असतं. प्रश्न असतो तो पंचनाम्याचा : ती वस्तू कुठे मिळाली, कोणासमोर मिळाली, सील कधी लागलं. वकिलीच्या पहिल्या वर्षातच आमच्या सीनियर सरांनी बजावून ठेवलं होतं की अंगठा कुणाचा हे शेवटी विचारायचं. कागद तेव्हा कोरा होता का, हे आधी. म्हणून हॅरी ओक्स खून खटला मला परका वाटला नाही. बहामा बेटं आपल्यापासून कितीही लांब असली, तरी ही फसवणूक आपल्या ओळखीची आहे.

माणूस, बेट आणि ती रात्र

हॅरी ओक्स यांचा जन्म १८७४ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. वैद्यकीचं शिक्षण अर्धवट टाकून १८९८ मध्ये ते सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेले. पुढची चौदा-पंधरा वर्षं अलास्का, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅलिफोर्निया असं रान तुडवल्यावर १९१२ मध्ये कॅनडातल्या कर्कलंड लेकला त्यांना सोनं लागलं. तिथली त्यांची लेक शोअर ही खाण त्या खंडातल्या सर्वांत श्रीमंत खाणींपैकी एक ठरली. कॅनडाचा कर परवडेना, म्हणून १९३० च्या दशकात ते बहामात आले. तिथे प्राप्तिकरच नव्हता. त्यांना तिकडे ओढण्यात हॅरल्ड क्रिस्टी या जमीन-व्यावसायिकाचा मोठा वाटा होता. ओक्स यांनी बेटावर जमिनी घेतल्या, हॉटेल घेतलं, विमानतळ उभा केला. १९३९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

त्या काळी बहामा ही ब्रिटिश वसाहत होती आणि तिचे गव्हर्नर होते ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे लग्नासाठी इंग्लंडची गादी सोडलेले आठवे एडवर्ड. ओक्स, क्रिस्टी आणि ड्यूक यांची उठबस एकाच वर्तुळात होती. पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

७ जुलै १९४३ च्या रात्री नासाऊवर वादळी पाऊस होता. ओक्स यांच्या वेस्टबोर्न या घरी चार माणसं जेवायला होती. त्यांतले दोन पाहुणे अकराच्या सुमारास गेले. क्रिस्टी मुक्कामाला राहिले, ओक्स यांच्या खोलीपासून मध्ये एक खोली सोडून. सकाळी सातच्या सुमारास क्रिस्टींनीच ओक्स यांना पलंगावर मेलेलं पाहिलं. डाव्या कानामागे चार जखमा होत्या. अंग आणि गादी ठिकठिकाणी जळलेली, मच्छरदाणी जळून गेलेली, आणि फुटलेल्या उशीतली पिसं अंगभर चिकटलेली. पलंगाजवळचा घडीचा चिनी पडदाही धुराने आणि आगीने डागळला होता.

एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ओक्स उताणे पडलेले सापडले, पण कानामागच्या जखमेतलं रक्त गालावरून नाकाच्या दिशेने ओघळून वाळलं होतं. उताण्या माणसाचं रक्त वर चढत नाही. म्हणजे मार बसला तेव्हा ते कुशीवर किंवा पालथे होते आणि रक्त वाळल्यावर कोणीतरी त्यांना उलटवलं. क्रिस्टींनी सांगितलं की आपण त्यांचं डोकं उचललं, पाणी पाजायचा प्रयत्न केला, ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. त्याने वाळलेल्या ओघळाची दिशा बदलत नाही. या ओघळाचं समाधानकारक उत्तर खटल्यात कधीच मिळालं नाही.

मायामीचे दोन कॅप्टन

गव्हर्नरांनी आधी बातमी दाबायचा प्रयत्न केला. पण नासाऊच्या ट्रिब्यून दैनिकाचे संपादक एतिएन दुपुश यांनी त्याआधीच तार पाठवली होती, त्यामुळे जगाला कळायचं ते कळलं. मग गव्हर्नरांनी बेटावरच्या पोलिसांना डावलून मायामी पोलिसांतल्या कॅप्टन मेल्चेन यांना फोन केला. ड्यूक मायामीला जात तेव्हा मेल्चेन त्यांच्या बंदोबस्ताला असत, एवढीच ती ओळख. मेल्चेन आपल्याबरोबर कॅप्टन जेम्स बार्कर यांना घेऊन आले. बार्कर हे ठशांचे जाणकार म्हणून आले होते.

माझ्या मते या प्रकरणाची पहिली गाठ इथे पडली. खुनाचा तपास ओळखीपाळखीतून सोपवला, की तपास करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कोणाला तरी खूश ठेवायचं असतं. सत्य त्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जातं.

बार्कर ठसे उचलायला आले खरे, पण ठशांचा खास कॅमेरा न घेता. बेटावर ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता आणि त्यांच्या छायाचित्रकारांनी खोलीचे फोटो काढलेही होते, म्हणजे कॅमेऱ्याची सोय होऊ शकत होती. ती कोणी केली नाही. हवा दमट आहे म्हणून पहिल्या दिवशी पूडही टाकली नाही. दरम्यान खोलीत माणसांची ये-जा चालूच होती.

९ जुलैच्या संध्याकाळी, म्हणजे प्रेत सापडल्यापासून दोन दिवसही झाले नव्हते तेव्हा, आल्फ्रेड द मारिन्यी यांना अटक झाली. हे ओक्स यांचे जावई, मॉरिशसमध्ये जन्मलेले, वय ३३. ओक्स यांची मुलगी नॅन्सी अठरा वर्षांची झाली आणि दोनच दिवसांनी, १९४२ च्या मे महिन्यात, तिने आईबापांना न सांगता त्यांच्याशी न्यूयॉर्कमध्ये लग्न केलं होतं. मारिन्यींची आधी दोन लग्नं झालेली. सासऱ्याशी त्यांचं पटत नव्हतं हे अख्ख्या नासाऊला ठाऊक होतं, आणि गव्हर्नरांनाही ते आवडत नसत. हातावरचे आणि दाढीचे केस भिंगाखाली होरपळलेले दिसले, एवढं पोलिसांना पुरलं. मारिन्यींचं म्हणणं होतं की त्या रात्री माझ्याकडेही जेवण होतं, बाहेर मेणबत्त्या लावून त्यांवर काचा बसवताना हात भाजला. जेवण होतं हे खरंच होतं. पाहुण्यांपैकी दोन बायकांना घरी सोडायला ते रात्री एकच्या सुमारास गाडी घेऊन निघाले आणि वेस्टबोर्नवरून गेले हेही खरं. ही गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. सरकार पक्षाने तीच त्यांच्यावर उलटवली.

पण होरपळलेले केस आणि सासऱ्याचं वैर यांवर फाशी होत नाही. खोलीत माणूस आत गेला होता हे दाखवायला काहीतरी हवं होतं. काही दिवसांनी ते पुढे आलं : करंगळीचा एक ठसा. कोर्टात त्याला ‘जे’ (J) हे इंग्रजी अक्षर मिळालं.

ओक्स यांचा दफनविधी मेन राज्यात होता. तिथे हे दोन्ही कॅप्टन गेले आणि ओक्स यांची विधवा पत्नी लेडी ओक्स आणि मुलगी नॅन्सी यांच्यासमोर खून कसा झाला असेल याचं सविस्तर वर्णन करून ठसा मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. घरच्यांना दुःखात गाठायचं आणि आरोपीविरुद्ध उभं करायचं, हा प्रकार आपल्याकडेही मी पाहिला आहे. लेडी ओक्स यांचं मन त्या दिवसापासून जावयाविरुद्ध घट्ट झालं. नॅन्सी मात्र डगमगली नाही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने बापाच्या खुनाच्या आरोपातून नवऱ्याला सोडवायला रेमंड शिंडलर यांना नेमलं. त्या वयात एवढी हिंमत सगळ्यांना होत नाही. तिच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण तिचं सौंदर्य आणि श्रीमंती सांगतात. मला तिचा हा निर्णय सांगावासा वाटतो.

शिंडलर

रेमंड शिंडलर तेव्हा साठीचे होते. १९०६ च्या भूकंपानंतर ते सॅन फ्रान्सिस्कोला पोचले आणि तिथल्या नगरपालिकेतल्या लाचखोरीच्या तपासात विल्यम बर्न्स यांच्या हाताखाली तयार झाले. १९१२ च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची संस्था काढली.

त्यांचं नाव झालं ते न्यू जर्सीतल्या अ‍ॅसबरी पार्कच्या प्रकरणाने. १९१० मध्ये तिथे एका लहान मुलीचा खून झाला. पोलिसांनी एका कृष्णवर्णीय मजुराला पकडलं आणि जमाव त्याला ठार मारायच्या तयारीत होता. शिंडलर यांचा संशय दुसऱ्याच माणसावर, एका जर्मन कामगारावर होता. पुरावा नव्हता. तेव्हा त्यांनी रोज रात्री त्याच्या खोलीजवळच्या कुत्र्याला भुंकायला लावलं, माणसाची झोप उडवली. तो गाव सोडून गेला तेव्हा आपला एक माणूस त्याचा मित्र म्हणून पेरला. त्या मित्राने त्याच्या डोळ्यांदेखत एक खोटा खून केला, म्हणजे गुपितं दोन्ही बाजूंना झाली. शेवटी त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली. निरपराध मजूर वाचला.

हे वाचताना मी दोन मनांचा होतो. शिंडलर यांनी एक जीव वाचवला, त्यात शंका नाही. पण खोटं रचून खरं काढायची ही रीत माझ्या मनाला पटत नाही. हीच हत्यारं चुकीच्या संशयितावर चालली असती तर? नासाऊमध्ये त्यांनी यातलं काहीच केलं नाही. तिथे सापळा दुसऱ्यांनी आधीच लावून ठेवला होता, त्यांना तो फक्त उकलायचा होता. म्हणूनच त्यांच्या सगळ्या कामांत मला हे काम सरस वाटतं.

त्यांच्याबरोबर शिकागोचे लिओनार्ड कीलर होते, खोटं पकडण्याच्या यंत्राचं नाव ज्यांच्यामुळे जगभर झालं ते. बचावाचे वकील होते गॉडफ्री हिग्ज आणि अर्नेस्ट कॅलेंडर. मारिन्यींना खरं तर बेटावरचे नामवंत कृष्णवर्णीय वकील अ‍ॅल्फ्रेड अ‍ॅडर्ली हवे होते, पण त्यांना सरकारने आपल्याकडे घेतलं होतं. आणि खटला उभा राहण्याआधी बेटाचे पोलिसप्रमुख अर्स्किन-लिंडॉप यांची त्रिनिदादला बदली झाली. तपास पहिल्या दिवसापासून पाहिलेला वरिष्ठ अधिकारी साक्षीला आलाच नाही. शिंडलर सांगत की बेटावर आपल्यावर पाळत होती आणि फोन ऐकले जात होते.

गुप्तहेर म्हटलं की लोकांच्या मनात खुनी शोधणारा माणूस येतो. शिंडलर यांनी त्या वेळी खुनी शोधायचा मोह बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न धरला : हा ठसा पडद्यावरून आला असेल, तर पडदा त्याच्याबरोबर का आला नाही?

पडदा

हा प्रश्न समजायला मी घरीच करून पाहिलं. लाकडी कोळसा खलबत्त्यात कुटून मऊ वस्त्रगाळ पूड केली. आजीच्या जुन्या सागवानी कपाटाच्या दारावर बोट टेकवलं, मऊ ब्रशने पूड फिरवली, वरून रुंद चिकटपट्टी दाबली आणि उचलली. ठसा आला, पण एकटा आला नाही. बोटाच्या वळ्यांमागे सागाच्या उभ्या रेघा आल्या, पॉलिशला गेलेला एक तडा आला, दाराच्या कडेच्या वेलबुट्टीचा कोपराही आला. मग तेच काचेच्या पेल्यावर केलं. त्या पट्टीवर ठशाच्या मागे रेघ नव्हती; होते ते पेल्याला बाहेरून सुटलेल्या घामाच्या थेंबांचे वाळलेले गोल डाग. दोन्ही पट्ट्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी लावल्या. शाळेतल्या मुलालाही सांगता येईल की कोणती लाकडावरची आणि कोणती पेल्यावरची.

पूड बोटाच्या तेलकट रेघांनाच चिकटते असं नाही. ती पृष्ठभागाच्या खाचखळग्यांतही बसते. म्हणून जागेची खूण ठशाबरोबर येते. तपासाचा साधा नियम असा की आधी ठसा जागेवर असतानाच त्याचा फोटो घ्यायचा, म्हणजे आजूबाजूचं सगळं दिसतं, आणि नंतरच तो उचलायचा. फोटो हाच ठशाचा पंचनामा. बार्कर यांच्याकडे कॅमेरा नव्हता. त्यांनी रबराच्या तुकड्यावर ठसा उचलला. चिकटपट्टी संपली होती म्हणून रबर वापरलं, असं त्यांचं म्हणणं. रबराने उचलला की मूळ जागेवरची पूड बहुतेक निघून येते. म्हणजे आता पडद्यावर तो ठसा पाहायला उरला नाही आणि फोटोही नाही. राहिला फक्त रबराचा तुकडा आणि बार्कर यांचा शब्द.

शिंडलर आणि कीलर यांनी पडदा तपासला, त्यावर ठसे उमटवून उचलून पाहिले. पडद्यावरून उचललेल्या ठशांमागे पडद्याची नक्षी आणि पोत उमटत होता. ‘जे’ ठशामागे तसं काहीच नव्हतं. होती ती लहान लहान वर्तुळं, आणि तशी वर्तुळं पडद्यावर कुठेही नव्हती. हिग्ज यांनी कोर्टात बार्कर यांना ती दाखवायला सांगितलं. पडदा समोरच उभा होता. बार्कर यांना ती दाखवता आली नाहीत.

याच उलटतपासणीत आणखी एक प्रसंग घडला. ठसा नेमका कुठून उचलला ते बार्कर यांनी आधी पडद्यावर निळ्या पेन्सिलीने आखलेलं होतं. साक्षीत ते म्हणाले, ही रेघ माझी नाही. म्हणजे कोणीतरी पुराव्यात हात घातला असा त्याचा अर्थ. मग त्यांनी पडदा जवळून पाहिला, तिथे स्वतःची आद्याक्षरं दिसली आणि त्यांना शब्द मागे घ्यावा लागला. सरकार पक्षाचा सगळा डोलारा ज्या माणसाच्या शब्दावर उभा होता, त्याला स्वतःच आखलेली रेघ ओळखता येत नव्हती. जाणकार म्हणून उभा केलेला साक्षीदार असा डळमळला की ज्यूरीला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. त्यांना ते समोर दिसतं.

आता दुसरा धागा, वेळेचा. बार्कर यांचं म्हणणं होतं की ९ जुलैला दुपारी एकच्या आत ठसा उचलला. मारिन्यींना घराच्या वरच्या मजल्यावर चौकशीला नेलं ते दुपारी साडेतीनला, असं दोन्ही कॅप्टननी प्राथमिक चौकशीत सांगितलं होतं. हा क्रम फार कामाचा होता : ठसा आधी, माणूस नंतर, म्हणजे ठसा त्या चौकशीत उमटलेला असू शकत नाही. मारिन्यी म्हणत होते, मला दुपारी नाही, सकाळीच वर नेलं. तिथे मेल्चेन यांनी मला पेल्यात पाणी ओतायला सांगितलं, बार्कर आत डोकावले आणि सगळं ठीक आहे ना असं विचारून गेले. खटल्यात मेल्चेन यांना कबूल करावं लागलं की वेळ सकाळची होती, आपली चूक झाली. हिग्ज यांनी मग ज्यूरीसमोर विचारलं की दोन अनुभवी अधिकाऱ्यांची चूक एकाच तासाला, एकाच बाजूला, एकसारखी कशी काय होते.

त्यात आणखी एक गोष्ट. ठसा जुळल्याचं बार्कर यांनी आपल्याला उशिरा सांगितलं, असं मेल्चेन यांच्या साक्षीत आलं. दोघं एकाच तपासावर, बरोबर प्रवास केलेले, आणि खुनाचा एकमेव ठोस पुरावा हाती लागल्याची बातमी एकाने दुसऱ्याला दिली नाही! ज्याने कधी दोन हवालदारांना एका जीपमधून परत येताना पाहिलं आहे, त्याला यावर विश्वास ठेवणं जड जाईल.

तर बचावाचा तर्क असा उभा राहिला : सकाळी वरच्या मजल्यावर मारिन्यींच्या बोटांत पाण्याचा पेला आला, करंगळीचा ठसा तिथून उचलला गेला आणि कागदावर पडद्याचं नाव पडलं. पेला कोर्टासमोर आला नाही, त्यामुळे हा तर्क शेवटपर्यंत तर्कच राहिला. सिद्ध झालं ते इतकंच की ‘जे’ ठसा पडद्यावरचा आहे हे सरकार पक्ष दाखवू शकला नाही. फौजदारी न्यायात एवढं पुरतं, आणि पुरायलाच हवं. मुख्य न्यायाधीश सर ऑस्कर डेली यांनी ठसा पुराव्यातून काढून टाकायला नकार दिला; त्याला किती वजन द्यायचं ते ज्यूरीने ठरवावं, असं म्हटलं. काढून टाकला असता तर ज्यूरीला तो पडदा, ती निळी रेघ आणि ती वर्तुळं एवढ्या जवळून पाहायला मिळाली नसती.

इथे थोडं विषयांतर करतो. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये आपल्या कलकत्त्यात निघालं आणि ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री यांचं नाव लागलं, त्यामागचं गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली फौजदारांचं होतं. ठशावरून माणूस शोधायची सोय त्यांनी करून दिली. पण ठसा कुठल्या जागी उमटला, हे ठसा सांगत नाही. ते माणूस सांगतो. आपल्या शेतकऱ्याला हे फार पूर्वी कळलेलं होतं. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांनी सावकारांची खतं आणि रोखे काढून जाळले. रोख्यावरची निशाणी त्यांचीच होती, नांगराची असो की आणखी कसली. त्यांचं म्हणणं होतं की वरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला तो नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने म्हणूनच असे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत असं ठरवलं : निशाणी कोणाची यापेक्षा ती कोणासमोर, कशावर उमटली हे कोणीतरी तिसऱ्याने पाहिलेलं असावं. रबराच्या तुकड्यावरच्या त्या ठशाला नासाऊमध्ये असा तिसरा माणूस नव्हता.

क्रिस्टींची रात्र

हा धागा मी थोडक्यात सांगतो, कारण यात खटल्याच्या निकालाइतकं हाती काही लागत नाही. क्रिस्टी म्हणाले की रात्रभर मी वेस्टबोर्नमध्येच होतो, डासांनी आणि वादळाने दोनदा जाग आली, पण एक खोली सोडून पलीकडे झालेल्या खुनाचा आवाज, धूर, काही कळलं नाही. पोलिस अधिकारी कॅप्टन सीअर्स यांनी शपथेवर सांगितलं की त्या मध्यरात्रीच्या सुमारास मी क्रिस्टींना नासाऊच्या रस्त्यावर मोटारीत पाहिलं. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखत होते. क्रिस्टी म्हणाले, सीअर्स यांची चूक होतेय. साक्ष देताना त्यांना दरदरून घाम फुटला होता. पण घामाने खून सिद्ध होत नाही. या प्रकरणावर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी पुढे क्रिस्टींकडे बोट दाखवलं, खुद्द मारिन्यींनीही. त्यांच्यावर कधी खटला झाला नाही. मारिन्यींविरुद्ध जो कच्चा पुरावा चालू द्यायचा नाही, तोच क्रिस्टींविरुद्ध चालवायला मी तयार नाही.

निकाल

खटला १८ ऑक्टोबर १९४३ ला सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये संपला. नॅन्सी नवऱ्याच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. ज्यूरी दोन तासांच्या आत परत आली : नऊ विरुद्ध तीन, निर्दोष. पण त्याच दमात ज्यूरीने मारिन्यी आणि त्यांचे मित्र जॉर्ज द व्हिस्देलू यांना बेटावरून घालवून देण्याची शिफारस केली. त्या शिफारशीला खटल्यातल्या कुठल्याही पुराव्याचा आधार नव्हता. ठशाच्या खोटेपणातून ते सुटले, बेटाच्या नावडीतून नाही. नवरा-बायको क्यूबाला गेले. पुढे १९४९ मध्ये ते लग्न रद्द झालं.

सुटकेनंतर कीलर यांनी मारिन्यींची यंत्रावर चाचणी घेतली आणि ते खरं बोलत आहेत असा निष्कर्ष काढला. या यंत्राला मी पुरावा मानत नाही, आणि ज्यूरीने ते न पाहताच निकाल दिला हे बरं झालं.

बार्कर आणि मेल्चेन मायामीला परतले. त्या रबराच्या तुकड्यासाठी नासाऊमध्ये कोणावरही कारवाई झाली नाही. माझ्या दृष्टीने हा या प्रकरणाचा सर्वांत कडू भाग आहे. आरोपीला सोडणं हे कोर्टाचं काम होतं, ते त्याने केलं. पण तो तुकडा कोर्टापर्यंत कसा पोचला, हे विचारण्याचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही.

१९४४ मध्ये शिंडलर यांनी गव्हर्नरांना पत्र लिहिलं. खरा खुनी अजून शोधता येईल असं माझं मत आहे, तपास पुन्हा उघडावा, मी आणि कीलर आमची मदत देऊ, असा त्याचा आशय होता. त्या वेळी ते कोणाचेही नेमलेले नव्हते आणि त्यांचा अशील आधीच सुटला होता. प्रस्ताव नाकारला गेला. ड्यूक १९४५ मध्ये बेट सोडून गेले. शिंडलर १९५९ मध्ये वारले, क्रिस्टी सर हा किताब मिळवून १९७३ मध्ये, मारिन्यी १९९८ मध्ये अमेरिकेत. हॅरी ओक्स यांचा खून कोणी केला, हे अजून उलगडलेलं नाही.